बटण दाबलं आणि पाणी आलंच नाही तर? रिमोटवर चालणाऱ्या फायर मॉनिटरची वायरिंग समजून घेऊया

तारापूर म्हटलं की बाहेरच्या लोकांना अणुवीज केंद्र आठवतं. आम्हा बोईसरकरांना आधी एमआयडीसी आठवते, आणि एमआयडीसी म्हटली की स्फोटाचा आवाज. ८ मार्च २०१८ च्या रात्री तारापूर एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्यात स्फोट झाला, आग शेजारच्या कारखान्यांपर्यंत पोचली आणि तिघांचा जीव गेला. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी कोलवडे गावाजवळच्या कारखान्यात स्फोट झाला, त्यात आठ जण गेले. अशा प्रत्येक वेळी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ फिरतात. त्यात ज्वाळा सगळे बघतात. पुढच्या वेळी एक गोष्ट मुद्दाम बघा : होज हातात धरून आगीच्या दिशेने चालत जाणारी माणसं.

त्या माणसांना लांब ठेवता यावं म्हणून एक यंत्र असतं. त्याचं नाव रिमोट कंट्रोल्ड वॉटर मॉनिटर. मॉनिटर म्हणजे कॉम्प्युटरचा स्क्रीन नव्हे. फायरवाल्यांच्या भाषेत मॉनिटर म्हणजे पाण्याची तोफ. ती टाक्यांजवळ उभी असते आणि चालवणारा माणूस लांब कंट्रोल रूममध्ये जॉयस्टिक धरून बसतो. ऐकायला गेमसारखं वाटतं. पण गेम हँग झाला तर आपण रीस्टार्ट करतो; इथे ती सोय नाही. म्हणून या यंत्राची वायरिंग आणि कंट्रोल कसे बसवतात, आणि चालवताना काय सांभाळायचं, ते आज बघूया.

तोफ कशाला, माणूस का नाही?

थोडं गणित करू, अगदी बारावीच्या फिजिक्सचं. समजा एक मॉनिटर मिनिटाला २४०० लिटर पाणी फेकतो, म्हणजे सेकंदाला ४० लिटर. नोझलपाशी दाब ७ बार असेल तर पाणी साधारण ३७ मीटर प्रति सेकंद वेगाने बाहेर पडतं, म्हणजे ताशी १३० किलोमीटरच्या पुढे. दर सेकंदाला ४० किलो वस्तुमान त्या वेगाने पुढे जातंय, तर तेवढाच धक्का मागेही बसणार. तो येतो साधारण १५०० न्यूटन, म्हणजे दीडशे किलो वजनाइतका. एका माणसाला हे धरून ठेवणं शक्यच नाही. म्हणून मॉनिटर काँक्रीटच्या पायावर नटबोल्टने घट्ट बसवलेला असतो.

साध्या मॉनिटरला हाताने फिरवायचं चाक किंवा दांडा असतो. म्हणजे माणूस तरीही तिथेच, आगीसमोर. रिमोट मॉनिटरमध्ये त्या चाकाच्या जागी मोटर येतात. हीच कल्पना चाकांवर बसवली की फायर रोबोट होतो. जुलै २०१९ मध्ये वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीला आग लागली, तेव्हा मुंबई अग्निशमन दलाने असा रोबोट आणला होता. कारखान्यातला मॉनिटर हा त्याचाच एका जागी उभा असलेला भाऊ समजा.

जॉयस्टिकपासून नोझलपर्यंत

मॉनिटरला बहुतेक वेळा तीन मोटर असतात. एक डावीकडे-उजवीकडे फिरवते, दुसरी वर-खाली करते, तिसरी नोझलचा आकार बदलते : सरळ धार किंवा छत्रीसारखा फवारा. बऱ्याच मॉनिटरमध्ये या मोटर २४ व्होल्ट डीसीच्या असतात. पाणी सोडणारा व्हॉल्व्ह वेगळा, त्यालाही स्वतःची मोटर.

मॉनिटरजवळ एक पॅनल असतं. त्यात पीएलसी, म्हणजे कारखान्यातला दणकट कॉम्प्युटर. कंट्रोल रूममधली जॉयस्टिक पीएलसीला सांगते 'डावीकडे', पीएलसी रिलेला सांगतो, रिले मोटरला वीज देतो. शेवटच्या टोकाला लिमिट स्विच बसवलेला असतो. मॉनिटर तिथे पोचला की त्या दिशेची वीज तुटते, पण उलट्या दिशेने तो फिरू शकला पाहिजे. हा 'पण' विसरला की मॉनिटर एका कोपऱ्यात जाऊन अडकतो आणि परत येत नाही.

पॅनलचा डबा : फोनवरचा आयपी नंबर इथेही आहे

तुमच्या फोनच्या जाहिरातीत आयपी ६७ किंवा आयपी ६८ लिहिलेलं असतं. तोच नंबर या पॅनलवरही असतो. पहिला आकडा धुळीसाठी, दुसरा पाण्यासाठी. आता गंमत बघा. दुसरा आकडा ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी चालेल. दुसरा आकडा ६ म्हणजे जोरदार फवारा मारला तरी चालेल. ७ हा ६ पेक्षा मोठा आहे, म्हणून त्यात ६ येतंच असं नाही. या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. मॉनिटरचं पॅनल बुडण्याची शक्यता कमी, पण शेजारच्या मॉनिटरचा फवारा अंगावर येण्याची शक्यता भरपूर. म्हणून इथे आयपी ६६ आहे का, हे मुद्दाम विचारायचं.

दुसरा प्रश्न स्फोटाचा. सॉल्व्हंटच्या टाकीजवळ हवेत वाफ असू शकते आणि रिले उघडबंद होताना ठिणगी पडतेच. म्हणून अशा जागांचे झोन ठरवतात. झोन ० मध्ये ज्वलनशील वाफ सतत किंवा बराच वेळ असते. झोन १ मध्ये रोजच्या कामात ती येऊ शकते. झोन २ मध्ये सहसा नसते, आलीच तर थोडा वेळ. पॅनल, मोटर, लिमिट स्विच, सगळं त्या झोनला चालणारं हवं. आपल्याकडे अशा सामानाला मान्यता देणारी संस्था म्हणजे पेसो, तिचं मुख्यालय नागपूरला आहे.

कारखान्यात ज्याला 'एफएलपी' म्हणतात तो फ्लेमप्रूफ डबा ठिणगी थांबवत नाही. आत स्फोट झालाच तर तो आतच ठेवतो. गरम वायू झाकणाच्या अरुंद फटीतून बाहेर येताना थंड होतो आणि बाहेरची वाफ पेटत नाही. म्हणजे सगळी करामत त्या फटीत आहे. झाकणाचे बारा बोल्ट असतील तर बाराच्या बारा हवेत. दहा लावले आणि दोन खिशात राहिले, की तो डबा फ्लेमप्रूफ उरत नाही, फक्त जड उरतो. केबलचं एखादं भोक रिकामं असेल तर त्याला प्रमाणित प्लगच लागतो, कापडाचा बोळा चालत नाही. आणि आत वीज चालू असताना झाकण उघडायचं नाही.

याच कारणासाठी अशा ठिकाणी गेटवर फोन जमा करून घेतात. आपला साधा फोन या झोनसाठी बनवलेला नसतो. रील बनवायचा मोह आवरा.

केबल : चार्जरच्या वायरचा धडा

लांबलचक स्वस्त केबल लावली की फोन हळू चार्ज होतो, हे तुम्ही अनुभवलं असेल. वायरमध्येच व्होल्टेज पडतं. मॉनिटरचंही तेच आहे, फक्त परिणाम वाईट.

समजा कंट्रोल रूमपासून मॉनिटर १०० मीटरवर आहे आणि २४ व्होल्टची मोटर ५ अँपिअर घेते. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण ७.४ ओहम. वीज जाऊन परत येते, म्हणून अंतर २०० मीटर धरायचं. रोध झाला सुमारे १.५ ओहम. पाचने गुणलं की ७.४ व्होल्ट वायरमध्येच गेले. मोटरला उरले साडेसोळा. सुरू होताना मोटर जास्त करंट ओढते, तेव्हा आणखी कमी. टेबलावर टेस्ट केलेली मोटर साइटवर नुसती गुरगुरते, ती यामुळे.

उपाय दोन. एक, जाड केबल : १० चौरस मिलिमीटरची घेतली तर नुकसान दोन व्होल्टच्या आत येतं. दोन, मॉनिटरजवळच्या पॅनलपर्यंत २३० व्होल्ट न्यायचे आणि २४ तिथे बनवायचे. मग लांबच्या केबलमधून फक्त सिग्नल जातो.

केबल आर्मर्ड हवी, म्हणजे लोखंडी तारांचं कवच असलेली, आणि आगीतही ठरावीक वेळ वीज वाहून नेणारी. साधी केबल आग वाढवणार नाही अशी असू शकते, पण आगीत स्वतः तग धरेलच असं नाही. या दोन केबल वेगळ्या मिळतात आणि किंमतही वेगळी असते, म्हणून खरेदीत घोळ इथेच होतो. रस्ता निवडतानाही अक्कल लागते. ज्या टाकीची आग विझवायची, तिच्याच शेजारून केबल नेली तर पहिल्या दहा मिनिटांत तीच जळणार. आणि आपल्याकडचा पाऊस, खारा वारा, एमआयडीसीतली हवा हे सगळं ग्लँड आणि अर्थिंगच्या जोडांना खातं. पावसाळ्याआधी आणि नंतर ते उघडून बघणं ही चैन नाही, गरज आहे. विजांसाठी सर्ज प्रोटेक्शनही हवंच.

वीज गेली तर?

'गेली तर' नाही, जाणारच. मोठी आग लागली की कारखान्याची वीज तोडणं हे पहिल्या कामांपैकी एक असतं. म्हणून फायर पंपाचा पुरवठा मुख्य ब्रेकरच्या आधीच वेगळा काढतात. कारखाना अंधारात गेला तरी पंप चालू राहिला पाहिजे. सोबतीला डिझेल पंप, त्याची स्वतःची बॅटरी. आणि मॉनिटरच्या कंट्रोल पॅनललाही बॅटरीचा आधार. पंप जोरात चालू आहे, पण व्हॉल्व्ह उघडायला वीज नाही, असं व्हायला नको.

आणि सगळ्यात शेवटचा आधार म्हणजे हात. प्रत्येक मोटरला आणि व्हॉल्व्हला हाताने फिरवायचं चाक असतं. ते गंजलेलं नाही ना, हे पाहिलंय का कोणी?

खरा मुद्दा : बिघडल्यावर काय व्हावं?

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आमच्या धंद्यात सवय अशी की काही गडबड झाली तर सिस्टीम बंद करा, बंद म्हणजे सुरक्षित. लिफ्ट, प्रेस मशीन, मिक्सर, सगळ्यांना हे लागू पडतं. फायर मॉनिटरला नाही. इथे बंद होणं हाच अपघात असू शकतो. म्हणून प्रत्येक बिघाडासाठी आधीच ठरवावं लागतं : हे तुटलं तर यंत्राने काय करायचं?

जॉयस्टिकचा सिग्नल तुटला तर मॉनिटरचं फिरणं थांबावं, पण पाणी चालूच राहावं. धार शेवटी जिथे होती तिथेच. वायरलेस रिमोट असेल तर तो सतत 'मी आहे, मी आहे' असा सिग्नल पाठवत असतो. तो थांबला की मोटर थांबते. नाहीतर रेंज गेल्यावर मॉनिटर शेवटचा हुकूम पाळत फिरतच राहील आणि धार कोणा माणसावर जाईल.

व्हॉल्व्हची वीज गेली तर तो होता तसाच राहावा, आपोआप मिटू नये.

इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण काय थांबवतं, हे स्पष्ट हवं. त्याने फिरणं थांबावं. पाणी बंद करायचं बटण वेगळं, नाव लिहिलेलं, थोडं लांब. घाबरलेला माणूस लाल बटण आधी दाबतो. त्या एका दाबाने पाणी गेलं तर?

फायर पंपाचंही असंच. तो दाब कमी झाला की आपोआप सुरू होतो, पण बंद हातानेच करायचा असतो. साध्या मोटरला जरा जास्त भार आला की ट्रिप होणारं संरक्षण लावतात. फायर पंपाला तिथे अलार्म देतात. मोटर जळाली तर नवी येईल, असा तो हिशोब आहे.

आणि शेवटचं, लोकल-रिमोट स्विच. मॉनिटरजवळ हा स्विच असतो. 'लोकल'वर ठेवला की कंट्रोल रूमचा हुकूम चालत नाही, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याच्या अंगावर मॉनिटर फिरत नाही. माझा शाळेतला एक मित्र एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. त्यांच्याकडे मॉक ड्रिल झालं. भोंगा वाजला, कंट्रोल रूममध्ये जॉयस्टिक हलवली, मॉनिटर ढिम्म. पुन्हा हलवली, तरी ढिम्म. शेवटी एक जण पळत गेला. बघतो तर स्विच 'लोकल'वर. आठवड्यापूर्वी दुरुस्ती झाली होती, स्विच परत फिरवायचा राहिला होता. काहीही बिघडलं नव्हतं. म्हणूनच कोणाला कळलं नव्हतं.

ड्रिल होतं, निभावलं. नंतर त्यांनी कंट्रोल रूममध्ये एक पिवळा दिवा लावला. मॉनिटर लोकलवर असेल तोवर तो लुकलुकत राहतो. आमच्या भाषेत सांगायचं तर, एरर येणं वाईट नाही, एरर येऊन गप्प बसणं वाईट.

पहिली चाचणी कशी करतात

हे काम लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचं आहे, यूट्यूब बघून करायचं नाही. पण क्रम माहीत असलेला बरा.

१. आधी वीज बंद, ब्रेकरला कुलूप, त्यावर नावाची पाटी. चावी काम करणाऱ्याच्या खिशात.

२. केबलचं इन्सुलेशन मेगरने तपासायचं. त्याआधी पीएलसीच्या वायरी सोडवायच्या, नाहीतर मेगरचं व्होल्टेज त्याचंच काम तमाम करतं.

३. पाणी न सोडता फिरवून बघायचं. डावीकडे म्हटल्यावर डावीकडेच जातो का? डीसी मोटरच्या दोन वायरी उलट लागल्या की मॉनिटर उलटा फिरतो. भर आगीत ही चूक शोधत बसता येत नाही.

४. दोन्ही टोकांचे लिमिट स्विच, वर-खालीही.

५. मग खरं पाणी. पूर्ण दाबावर मोटरवर येणारा भार वेगळाच असतो. कोरडी चाचणी पास झाली म्हणजे झालं असं नाही.

६. आणि आता मुद्दाम बिघडवायचं. मुख्य वीज घालवा. सिग्नलची केबल काढा. स्विच लोकलवर ठेवा. प्रत्येक वेळी आधी ठरवलं होतं तेच होतंय का, आणि कंट्रोल रूमला ते कळतंय का, हे लिहून ठेवा.

पीएलसी इंटरनेटला जोडायचा नाही आणि कंपनीतून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायचा, हे मी वेगळं सांगायला नको.

चालवताना

आधी दिशा, मग पाणी. व्हॉल्व्ह हळू उघडायचा, नाहीतर पाइपात पाण्याचा हातोडा बसतो. दीडशे किलोचा धक्का देणारी धार माणसाला उडवून देते, म्हणून तिच्या वाटेत कोणी नाही याची खात्री कॅमेऱ्यावर आणि वायरलेसवर, दोन्हीकडे करायची.

जळत्या द्रवात सरळ धार घुसवली तर तो उडून आग पसरते. तिथे फोम लागतो. मिथेनॉल, ॲसिटोनसारख्या पाण्यात मिसळणाऱ्या सॉल्व्हंटला खास अल्कोहोल-रोधक फोम. पाण्याचं मोठं काम शेजारच्या टाक्या थंड ठेवण्याचं आहे. चालू वीज असलेल्या पॅनलवर किंवा ट्रान्सफॉर्मरवर धार मारायची नाही. आणि सोडियम किंवा ओलियमसारखं पाण्याशी भडकणारं काही जवळ असेल तर मॉनिटर हाच शत्रू ठरतो. तारापूरसारख्या ठिकाणी कुठल्या टाकीत काय आहे, ही यादी जॉयस्टिकच्या शेजारी चिकटवलेली असली पाहिजे.

एक तास मॉनिटर चालला तर १ लाख ४४ हजार लिटर पाणी लागतं, म्हणजे दहा हजार लिटरचे चौदा टँकर. तेवढं साठ्यात आहे का, आणि रसायन मिसळून ते वाहत जाणार कुठे, हेही आधीच ठरवायचं.

असून नसल्यासारखं

२९ ऑक्टोबर २००९ ला जयपूरजवळ सीतापुरा इथल्या इंडियन ऑइलच्या डेपोत पेट्रोल गळायला लागलं. तासाभराहून जास्त वेळ गळत राहिलं, वाफेचा ढग पसरला आणि स्फोट झाला. आग आठवडाभर धगधगत होती. एम. बी. लाल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिने दाखवलेल्या त्रुटींपैकी एक अशी की कंट्रोल रूममधून व्हॉल्व्ह बंद करायची सोय त्या दिवशी चालू अवस्थेत नव्हती. गळतीपाशी पोचणं अशक्य झालं होतं, आणि लांबून बंद करायचं बटण मेलेलं होतं.

रिमोट यंत्राचा धोका हाच आहे. ते भिंतीवर दिसतं, फाइलीत दिसतं, म्हणून सगळ्यांना वाटतं की ते आहे. आपल्याकडे २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. पण कागद वर्षातून दोनदा आणि गंज रोज.

तुमच्यापैकी कितीतरी जण आयटीआय, डिप्लोमा करून एमआयडीसीत लागणार आहेत, काही आधीच लागलेत. पहिल्या आठवड्यात सेफ्टी ऑफिसरना हे पाच प्रश्न विचारा. मॉनिटर शेवटचा खऱ्या पाण्यावर कधी चालवला? मुख्य वीज घालवून कधी तपासला? लोकल-रिमोट स्विच आत्ता कशावर आहे? हाताचं चाक फिरतं का? आणि लाल बटण दाबलं तर नेमकं काय बंद होतं?

उत्तर मिळालं तर छान. 'बघून सांगतो' असं आलं, तर म्हणा, चला सर, मीही येतो बघायला.